घरगुती क्लीनरचं प्रमाण कसं काढायचं? १:३ मध्ये घोळ झालाय

अर्धाचमचा:
काचा पुसायला स्प्रे केला. कृतीत होतं, व्हिनेगर आणि पाणी १:३, वर दोन मोठे चमचे खायचा सोडा. बाटली ५०० मिलीची, म्हणून ५०० भागिले ३ करून १६७ मिली व्हिनेगर घेतलं, बाकी पाणी. सोडा टाकताच फेस उसळला, ओटाभर ओघळ. उरलेल्याने काच पुसली तर वाळल्यावर पांढरट डाग. माझं प्रमाण चुकलं की कृतीच भंपक?

काटेकोर:
दोन्ही :)
१:३ म्हणजे एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, एकूण चार. ५०० ला ४ ने भागा: १२५ व्हिनेगर, ३७५ पाणी. तुमचं झालं १:२. त्याने फार बिघडलं नसतं, खरी गोम सोड्यात आहे.
व्हिनेगरमध्ये बहुधा ५ टक्के ॲसिटिक ॲसिड असतं (बाटलीवर बघून घ्या). म्हणजे १६७ मिलीत ८ ग्रॅमच्या थोडं वर. ६० ग्रॅम ॲसिडला ८४ ग्रॅम सोडा लागतो, या हिशेबाने तुम्हाला १२ ग्रॅम पुरला असता. दोन मोठे चमचे भरतात २८च्या आसपास. सगळं ॲसिड मेलं, वर १६ ग्रॅम सोडा उरला. तोच काचेवर वाळला.

अर्धाचमचा:
मग मोजून १२ ग्रॅमच घालू?

काटेकोर:
अजिबात नको. मग उरेल नुसतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, ना आंबट ना सोड्याचं. फेस बघून आपल्याला उगाच वाटतं की काहीतरी जबरदस्त चाललंय. काचेला व्हिनेगर-पाणी. चिकट डागाला तीन चमचे सोड्यात एक चमचा पाणी, ओल्या फडक्याने घासायचं. दोन्ही वेगवेगळं.

जुनाफडका:
+१. किटलीतल्या क्षारांना सायट्रिक ॲसिड, लिटरभर गरम पाण्यात २०-२५ ग्रॅम, अर्धा तास. चमच्याने नको, वजनकाट्यावर मोजा.
ब्लीच मात्र यातल्या कुठल्याही आंबट वस्तूत मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. आणि फेसाळतं मिश्रण झाकण घट्ट लावून ठेवलं तर बाटली फुटू शकते.
रच्याकने, ओटा संगमरवरी नाही ना? व्हिनेगर त्याची चकाकी खातं.

अर्धाचमचा:
ओटा ग्रॅनाइटचा, वाचले. पण बाथरूमचा उंबरठा संगमरवरी आहे आणि दोन महिने तो व्हिनेगरनेच पुसतेय. वाटायचं, डाग निघत नाहीयेत, म्हणून दर वेळी पाणी कमी करत होते.