निरूपणाच्या व्हिडिओवर जाहिराती: पैसा कुणाचा, नाव कुणाचं?

खानापूरचा_टाळकरी
राम कृष्ण हरी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या भजनी मंडळाचं यूट्यूब चॅनेल आहे. दर आठवड्याला एका अभंगाचं दहा-बारा मिनिटांचं निरूपण टाकतो. हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात लोकांनी बघितलेले चार हजार तास, दोन्ही अटी पुऱ्या झाल्यात, म्हणजे आता जाहिराती चालू करता येतील. त्यावरून मंडळात दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात माईक, नेट, एडिटिंग किती दिवस खिशातून करायचं? निम्मे म्हणतात देवाच्या नावावर धंदा नको. त्यात थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्रावर, निरूपण करणाऱ्या बुवांचा फेट्यातला फोटो एवढा मोठा येतो की अभंगाची ओळच झाकते, हा तिसरा वाद. मंडळाची नोंदणी नाही. बुवांचं वैयक्तिक खातं जोडावं असं काहीजण सुचवताहेत. काय करावं?

माळकरी
यात विचारायचं काय ओ? जिथं कीर्तन करायचं तिथं जेवूसुद्धा नये, बैलाला वैरण मागू नये, द्रव्य घेणारे आणि देणारे दोघंही नरकात जातात, असं तुकोबांनी स्पष्ट सांगितलंय. बंद ठेवा. पारायणाला गावातून वर्गणी निघते, तशी माईकलाही निघेल.

हिशेबनीस
माळकरी माऊली, बंद ठेवलं म्हणून जाहिरात दिसणार नाही, असं नाही. कमाईच्या कार्यक्रमात (पार्टनर प्रोग्राम) सामील नसलेल्या चॅनेलवरही जाहिरात दाखवायचा हक्क यूट्यूबनं २०२० पासून स्वतःकडे ठेवलाय. तेव्हा त्यातला पैसा चॅनेलला मिळत नाही, इतकंच. आणि तुम्ही न निवडलेली कसलीही जाहिरात हरिपाठाच्या आधी वाजू शकते.

चालू करणार असाल तर आधी नोंदणी, मग अर्ज. उलटं केलं की भांडण ठरलेलं. कर्नाटकात १९६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सात सज्ञान सभासद पुरतात. नंतर मंडळाच्या नावानं पॅन, मंडळाच्याच नावानं बँक खातं, पैसे काढायला दोन सह्या. त्यावर ॲडसेन्सचं खातं, म्हणजे जाहिरातीचा पैसा ज्यातून येतो ते गूगलचं खातं, संस्थेचं म्हणून उघडा. खात्याचा प्रकार, वैयक्तिक की संस्था, मागाहून बदलता येत नाही, म्हणून बुवांचं खातं तात्पुरतं जोडूया हे मुळीच नको. ती रक्कम त्यांच्या पॅनवर त्यांचं उत्पन्न धरली जाते, एकूण उत्पन्नावरून लागू झालं तर रिटर्नही त्यांनाच भरावं लागतं, आणि गावात कुजबुज सुरू होते ती वेगळीच.

दहा डॉलर जमले की पत्ता पडताळायचा पिन टपालानं येतो. पत्ता मंडळाचा नसेल, देवळाचा असेल, तर पोस्टमनला आधी सांगून ठेवा. खेड्यात ही पाकिटं हमखास गहाळ होतात. शंभर डॉलर झाल्यावर पहिली रक्कम मिळते, त्यामुळे सुरुवातीला महिनोन्‌महिने काही येणार नाही, हे सभेतच सांगा. अमेरिकेच्या कराचा फॉर्म लगेच भरा. न भरल्यास जास्तीत जास्त दरानं कापतात, वैयक्तिक खात्यावर तर सगळ्याच कमाईतून; भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे आलेल्या भागातून.

जाहिरातींचे वर्ग रोखता येतात. ज्योतिष, डेटिंग, झटपट श्रीमंती, वजन घटवणं, राजकारण हे पहिल्या दिवशीच बंद करा. आठ मिनिटांवरच्या व्हिडिओत मध्ये जाहिरात घुसते, ती हातानं बंद ठेवा. आधीची आणि शेवटची मात्र तुमच्या हातात नाही, ते यूट्यूब ठरवतं.

वाटपासाठी बसवण्णांचं कायक (श्रम) आणि दासोह (मिळालेलं सगळ्यांत वाटणं) आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. एडिटिंग करणाऱ्या पोराला व्हिडिओमागं ठरलेली मजुरी, कारण ते काम आहे. निरूपणाला शून्य. उरलेलं पारायणाच्या पंगतीला. हिशेब दर एकादशीला देवळाच्या फळ्यावर लिहा; व्हॉट्सॲपवर टाकलेला हिशेब कुणी वाचत नाही.

ओवीकर
हिशेब झाला, पण माळकरींनी सांगितलेल्या अभंगातल्या दोन गोष्टी इथं कुणी काढल्याच नाहीत. कपाळी बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, हे द्रव्याच्या आधी येतं. पैशाला दोन सह्या लावता येतात, हाराला कोण लावणार? खरं बिघडतं ते इथंच, जाहिराती बंद ठेवल्या तरी.

लक्षणं ओळखायला सोपी. पहिला सव्वा मिनिट मान्यवरांची नावं. शीर्षकात ‘डोळ्यांत पाणी आणणारं’. ज्या अभंगाला जास्त व्ह्यू, त्याच धर्तीचे पुढचे चार. विरहाचे आणि आईचे अभंग चालतात म्हणून दंभावर कोरडे ओढणारे मागं पडतात. शेवटी निरूपणकार प्रेक्षकांना आवडेल तेवढंच बोलायला लागतो आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही.

उपाय असा, की क्रम आधीच बांधा. आषाढी एकादशीपासून हरिपाठाचे २७ अभंग घेतले तर आठवड्याला एक या हिशेबानं सहा महिने निवड करायचा प्रश्नच येत नाही. थंबनेलवर अभंगाचं पहिलं चरण, मोठ्या अक्षरात, फोटो नाही. बुवांचं नाव खाली वर्णनात, मृदंगमणी आणि पेटीवाल्याच्या नावासोबत, त्याच आकारात. व्ह्यूचे आकडे महिन्यातून एकदा मंडळातल्या दोघांनीच बघायचे, निरूपणकारानं नाही. चुकीचा अर्थ दाखवणारी कमेंट उडवू नका. ती वर पिन करून पुढच्या निरूपणात दुरुस्ती सांगा. बुवांना हे कितपत रुचतंय त्यावरून बरंच कळेल.

खानापूरचा_टाळकरी
फोटो काढायचं म्हटल्यावर बुवा गप्पच बसले. नोंदणीला मात्र सगळे तयार. एक राहिलं: सुरुवातीला अभंग गाऊन घेतो, चाल रेकॉर्डवरची. चालेल?

हिशेबनीस
तुकोबा-ज्ञानोबांच्या शब्दांवर आज कुणाचा हक्क नाही, पण संगीतकारानं बांधलेल्या चालीवर असतो आणि ध्वनिमुद्रणावर प्रकाशनापासून ६० वर्षं. रेकॉर्ड मागं वाजवली तर रेकॉर्ड कंपनीचा यूट्यूबवर हक्काचा दावा हमखास येतो आणि त्या व्हिडिओचा पैसा बहुधा कंपनीकडे जातो. गावच्या भजनातली पारंपरिक चाल घ्या, काकड्याला म्हणता तीच. तरी दावा आला तर घाईनं मान्य करू नका. चाल पारंपरिक आहे असं लिहून हरकत घ्या, उत्तर द्यायला समोरच्याला ३० दिवस असतात.