मदत हवी आहे : अंडाशयाची बॉर्डरलाइन गाठ, गर्भपिशवी आणि दुसरं अंडाशय वाचवता येईल का?

नमस्कार. धाकट्या नणंदेसाठी विचारतेय. वय २९, अजून मूल नाही. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो.

पोट फुगतंय म्हणून सोनोग्राफी केली तर डाव्या अंडाशयावर १४ सेंमीची गाठ. सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी) नॉर्मल होतं, त्यामुळे साधी सिस्ट समजून दुर्बिणीतून नुसती गाठच काढली, अंडाशय ठेवलं. बायोप्सीत म्युसिनस बॉर्डरलाइन ट्यूमर आलं, म्हणजे चिकट द्रव करणाऱ्या पेशींची, साधी गाठ आणि कॅन्सर यांच्या मधली गाठ. गाठ लॅबला तुकड्यांत मिळाली असंही लिहिलंय, आणि त्या ओळीखाली नणंदेने पेनाने दोनदा रेघ मारलीय.

आता तेच डॉक्टर म्हणतात, पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढून टाका, कटकट नको. सासूबाईंचंही तेच. नणंद काहीच बोलत नाही, म्हणून मीच वाचायला बसले. ही गाठ खऱ्या कॅन्सरसारखी आत घुसत नाही, आणि पहिल्या स्टेजला असेल तर मूल हवं असलेल्या बाईची पिशवी आणि दुसरं अंडाशय ठेवतात, एवढं कळलं. परत येण्याची शक्यता थोडी वाढते, पण आली तरी बहुतेकदा बॉर्डरलाइनच येते आणि पुन्हा काढता येते. घोडं अडतंय ते म्युसिनसपाशी. त्यात नुसती गाठ काढून भागत नाही म्हणे, पुढे कॅन्सर होऊन उलटू शकते, म्हणून त्या बाजूचं अंडाशय आणि नळी काढायला सांगतात. मग डावी बाजू काढून उजवी ठेवा, असं का नाही म्हणत कुणी?

बायोप्सीच्या स्लाइड्स (गाठीचे पातळ काप लावलेल्या काचा) दुसरीकडे दाखवायच्यात. अहमदाबादला सिव्हिलच्या आवारातल्या जीसीआरआय या कॅन्सर हॉस्पिटलला की थेट मुंबईला टाटामध्ये? आणि ऑपरेशनआधी स्त्रीबीजं गोठवून ठेवावीत का? कुणी यातून गेलंय का?

प्रतिसाद :
ताई, आधी स्लाइड्स, मग ऑपरेशन. नुसत्या स्लाइड्स नेऊ नका, पॅराफिन ब्लॉकही (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) मागा. लॅब कुरकुर करेल, पण ब्लॉक पेशंटला मिळतात. अहमदाबाद जवळ आहे, तिथूनच सुरुवात करा. माझ्या चुलत बहिणीची गाठ सीरस (पातळ द्रवाची) होती, एकच अंडाशय ठेवलं, नंतर मुलगी झाली. तुमची म्युसिनस आहे, म्हणून अपेंडिक्स आणि आतडं तपासलं का ते नक्की विचारा. तिथली गाठही अंडाशयावर अशीच दिसू शकते. दुसरं ऑपरेशन कॅन्सरवाल्या गायनॅक सर्जनकडेच करा. ते पोटातल्या पाण्याचा नमुना आणि ओमेंटमचा (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याचा) तुकडाही घेतात. केमोचं कुणी म्हणालं तर का ते विचारा, बॉर्डरलाइनला सहसा देत नाहीत. बीजं गोठवायचं आयव्हीएफवाल्यांशी आणि सर्जनशी एकदमच बोला, त्याची इंजेक्शनं ऑपरेशनआधी द्यायची की नंतर ते दोघांनी मिळून ठरवायचं असतं.

धागाकर्ती :
आभार. ब्लॉकचा अर्ज उद्या नणंदेच्याच सहीने देतो. सासूबाईंना अहमदाबादला बरोबर नेतेय, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तरच पटेल त्यांना. तिथे ओपीडीला कोणत्या वारी जावं, कुणाला ठाऊक असेल तर सांगा.