मदत हवी आहे : पी.११५४चं पोट खचतंय

डिचोलीकर
लोकहो, अर्जंट आहे. हॉकर पी.११५४ या विमानाचं मॉडेल स्क्रॅचमधून, म्हणजे किट न घेता करतोय. सांगाडा झाला, वरून पत्रा चढवला, पुट्टी भरून घासला, हात फिरवला तर काचेसारखा. दोन दिवसांनी बघतो तर पोट आत. परत भरलं, परत तेच. चवथीआधी रंग व्हायलाच हवा, मुंबईहून मेहुणा येतोय आणि गेल्या खेपेला तो जे बोलला ते इथे लिहीत नाही. काय करू ते लवकर सांगा.

वास्कोकर
स्केल? पत्रा कसला, अ‍ॅल्युमिनियमचा? फोटो टाका.

डिचोलीकर
१:४८. पत्रा प्लास्टिकचा, आणखी कसला असणार? फोटोत काय दिसणार, खड्डा आहे खड्डा.

मांडवीकाठ
एवढा खटाटोप कशाला? सी हॅरियर या उभ्या उडणाऱ्या विमानाचा किट घ्या, पुढच्या दोन नळ्या जाड करा, झालं विमान. दोन्ही हॉकरचीच आहेत.

रिव्हेटमोज्या
मांडवीकाठ, माफ करा, पण असं काही होत नाही. पी.११५४ हे ध्वनीपेक्षा वेगात जाणारं उभ्या उड्डाणाचं विमान व्हायचं होतं. इंजिन हॅरियरचं पेगॅसस नव्हे, बीएस.१००. पुढच्या नळ्यांतून येणाऱ्या गार हवेतही इंधन जाळायची योजना होती, म्हणून तिथला घेर वेगळा. धडही हॅरियरपेक्षा बरंच मोठं. हॅरियरचा किट ताणून कधीच जुळणार नाही. २ फेब्रुवारी १९६५ला ब्रिटिश सरकारने प्रकल्पच गुंडाळला, एकही उडालं नाही.
डिचोलीकर, तुमचं हवाई दलाचं एका वैमानिकाचं की नौदलाचं दोघांचं? ड्रॉइंगमध्ये आडवे छेद आहेत का? नसतील तर पोटाचा आकार मुळातच अंदाजाने घेतला असेल.

डिचोलीकर
एकाचं. छेद आहेत, आकार बरोबर आहे. तो नंतर बिघडतो!! प्रश्न नीट वाचा की.

बार्देशभाई
पावसाळा, दुसरं काय. आमच्या म्हापशाला आषाढात लॅकर मारला तर पांढरा फटक पडतो. गणपती होईपर्यंत थांबा.

वास्कोकर
दमट हवेने रंग पांढरा पडतो हे खरं, पण प्लास्टिक पाणी पीत नाही. पोट त्याने कसं खचेल?

बार्देशभाई
मी माझा अनुभव सांगितला.

मरुतप्रेमी
न झालेलंच विमान करायचं तर परकं कशाला? आपलं एचएफ-७३ करा. जर्मन अभियंता कर्ट टँकने केलेलं आपलं लढाऊ विमान मरुत १७ जून १९६१ला उडालं, पण ऑर्फियस इंजिन कमी ताकदीचं, त्यामुळे ते कधी मोकळं धावलंच नाही. त्याच्या पुढचं रूप म्हणजे एचएफ-७३, तेही कागदावरच राहिलं. मरुत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभं आहे, जाऊन मापं घ्या.

डिचोलीकर
पोट!

मांडवीकाठ
मापांवरून आठवलं, दाबोळीच्या नौदल म्युझियममध्ये सी हॅरियर आहे. मे २०१६मध्ये त्यांना दाबोळीच्याच नौदल तळावर, हंसावर निरोप दिला. आम्ही बोगमाळोला असायचो तेव्हा एक डोक्यावरून गेलं की ताटातला भात हलायचा. उत्तरेला मोपाचा नवा विमानतळ झाल्यापासून ती मजाच गेली.

बार्देशभाई
मोपाचा आणि हॅरियरचा काय संबंध? हॅरियर आधीच गेली होती. आणि आम्हाला उत्तरेकडच्यांना मोपा सोयीचाच आहे. दाबोळीला जायचं म्हणजे कुठ्ठाळीची ट्रॅफिक, नको रे बाबा.

वास्कोकर
विमानतळाचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या.

पांगारा
मी सगळं लाकडात करतो. बाल्सा इथे मिळत नाही म्हणून रडू नका, पांगारा घ्या. सावंतवाडीची खेळणी ज्याची करायचे तोच. हलका, मऊ, सुरीने लोण्यासारखा कापला जातो. धड कोरून घ्या, त्यावर तापवलेला पत्रा ओढा. पोट खचण्याचा प्रश्नच मिटला.

रिव्हेटमोज्या
थ्रीडी प्रिंट का करत नाही कुणी?

पांगारा
कारण त्याला स्क्रॅच म्हणत नाहीत.

रिव्हेटमोज्या
फाइल स्वतः काढली तर का नाही म्हणायचं?

अक्षरछाया
मी मडगावला नावाच्या पाट्या करते, विमानातलं कळत नाही. दोनच प्रश्न. पत्रा कशाने चिकटवताय? आणि आत पोकळ आहे की काही भरलंय?

डिचोलीकर
ताई, पाटीवाल्यांकडचंच क्लोरोफॉर्म. आत थर्माकोल, मखराचा उरलेला. पत्र्याला आधार नको का? त्यात विचारायचं काय?

अक्षरछाया
मग विमान आतून विरघळतंय. तुमचा पत्रा पॉलिस्टायरीनचा ना? थर्माकोलही तेच, फक्त फुगवलेलं. आमच्या दुकानात नवा पोरगा आला की त्याला हे करून दाखवते: स्टीलच्या वाटीत थर्माकोलचा तुकडा, वर क्लोरोफॉर्मचा एक थेंब. चर्र होऊन तुकडा बसतो, खाली नखाला चिकटेल एवढा पातळ चिकटा उरतो. तुमच्या सांध्यांतून ते आत गेलं, थर्माकोल खाल्लं, आणि वाफ बाहेर पडायला वाटच नाही. तिने पत्राही आतून नरम केला. वरून कितीही भरा, तो आत जाणारच.

वास्कोकर
बरोबर आहे ताईंचं. पोटाखाली चाकाच्या खोबणीतून कापून घ्या, तिथे नाहीतरी उघडंच ठेवायचं असतं. थर्माकोल खरवडून काढा. आतला वास पूर्ण जाईपर्यंत उघडं राहू द्या, पंख्याखाली ठेवलंत तरी घाई नको. आत थोड्या थोड्या अंतरावर आडवे पडदे बसवा, भराव नकोच. हवाच असेल तर पीयू (पॉलीयुरेथेन) फोम, तो क्लोरोफॉर्मने थर्माकोलसारखा विरघळत नाही.

डिचोलीकर
सुपरग्लू वापरला तर थर्माकोल ठेवता येईल का? काढायला जीव होत नाही.

अक्षरछाया
सुपरग्लूही थर्माकोल खातो. फेव्हिकॉल खात नाही, पण फेव्हिकॉलने प्लास्टिकचा पत्रा धरत नाही. काढाच. आणि ती बाटली स्वयंपाकघरात उघडू नका, खिडक्या उघड्या ठेवा.

डिचोलीकर
कापलं. आतून मधमाशांच्या पोळ्यासारखं निघालं. पडदे बसवतोय. आता पुढच्या नळ्यांचा घेर कोण सांगेल?

रिव्हेटमोज्या
कुठल्या ड्रॉइंगवरून करताय ते आधी सांगा.

मांडवीकाठ
म्हणून म्हणत होतो, किट घ्या.