चोर्ला घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर जातो, थर्मोस्टॅट काढून टाकावा का?

टिळकवाडी_२२
पेट्रोल हॅचबॅक, २०१४ चं मॉडेल, ९२ हजार किलोमीटर. बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे साखळीला उतरताना काटा जागेवर असतो. परत येताना केरीपासून चढ लागला आणि एसी चालू असला की काटा पाऊण भागाच्या वर जातो. एसी बंद केल्यावर दहा मिनिटांत खाली येतो. हायवेला काहीच त्रास नाही. कूलंटच्या बाटलीतलं पाणी पंधरा दिवसांत पाव लिटर कमी होतं, तेवढं बोअरचं घालतो. गॅरेजवाले थर्मोस्टॅट काढून टाकू म्हणतात. काढू का?

खानापूर_रोड
अजिबात काढू नका. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बंद अवस्थेत अडकला असता तर गाडी सपाटीलाही तापली असती. तो काढला की इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो. तोवर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं आणि ऑइलमध्ये ओल साठून गाळ धरतो. मूळ दुखणं तसंच राहतं.

तुमच्या प्रश्नात खरी खूण पाव लिटर पाण्याची आहे. ही कूलिंग सिस्टिम सीलबंद असते, त्यामुळे पंधरा दिवसांत एवढं पाणी कमी व्हायलाच नको. सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरची कॅप उघडून तिचं रबर बघा. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा, बारमध्ये. १.१ बारला पाणी १२० अंशांच्या पुढे उकळतं, म्हणून कॅप दाब धरत नसली की चढावर कूलंट लवकर उकळून बाटलीत येतं आणि तिथून बाहेर. त्यानंतर वॉटर पंपाखाली टॉर्च मारा. तिथल्या बारीक भोकातून वाळलेला पांढरा किंवा रंगीत ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलंय. डाव्या सीटपुढचं मॅट ओलं आणि केबिनमध्ये गोडसर वास असेल तर हीटर कोअर (केबिनच्या हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय.

बोअरचं पाणी आजपासून बंद करा. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात आणि तो थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

निपाणीकर
फॅन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. ८० च्या वेगाला समोरचा वारा पुरतो, फॅन बंद असला तरी कळत नाही. घाटात २५-३० च्या वेगाला सगळा भार फॅनवर, त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे गरम हवा सोडत असतो. गाडी उभी करून एसी लावा, फॅन फिरायला हवा. फिरला नाही तर फ्यूज, रिले आणि मोटरचं कनेक्शन या क्रमाने बघा. दोन स्पीडच्या फॅनमध्ये रेझिस्टर जळला की स्लो स्पीड जातो आणि फॅन उशिरा, एकदम जोरात सुरू होतो.

आपल्याकडे उसाच्या हंगामात पाचट आणि लाल माती कंडेन्सर-रेडिएटरच्या फटीत घट्ट बसते, समोरून दिसत नाही. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या पाइपने धुवा. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने जवळून मारलं तर फिन्स (रेडिएटरच्या पातळ पत्र्या) आडव्या होतात.

टिळकवाडी_२२
फॅन ठीक आहे. कॅपचं रबर कडक झालंय, पंपाखाली पांढरा ओघळ आहे. पंप बदलल्यावर कूलंट किती आणि कसं घालायचं?

उद्यमबाग_फिटर
पंप टायमिंग बेल्टवर चालणारा असेल तर बेल्ट आणि टेन्शनरही (बेल्ट ताणून धरणारी पुली) त्याच वेळी बदला, खोलण्याची मजुरी एकदाच पडते. कॅप नवी, त्याच आकड्याची.

मग फ्लशिंग. डिस्टिल्ड वॉटर भरून, हीटर फुल गरमवर ठेवून फॅन लागेपर्यंत इंजिन चालवा. पूर्ण गार झाल्यावर काढा. स्वच्छ पाणी येईपर्यंत दोन-तीनदा. काढलेलं कूलंट टबात धरा, गटारीत किंवा परड्यात सोडू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-जनावरं चाटतात.

आता इथे बहुतेक जण चुकतात. शेवटचं पाणी काढलं तरी ब्लॉकमध्ये बरंच पाणी शिल्लक राहतं. वरून तयार मिक्स कूलंट भरलं की ते पातळ होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या. मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता ४ लिटर असेल तर आधी २ लिटर कॉन्सन्ट्रेट, उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने. रंगावर जाऊ नका, मॅन्युअलमधला प्रकार बघा.

हवा काढायला गाडीचं तोंड चढाला करून, गार इंजिनवर कॅप उघडी ठेवून चालू करा. पातळी खाली जाईल तसं भरत राहा, बुडबुडे थांबले की कॅप लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पातळी बघा. बुडबुडे थांबतच नसतील, किंवा डिपस्टिकवर दुधट ऑइल आलं, तर हेड गॅस्केटचा (ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) संशय. मग हेड उतरवून फेसिंग, म्हणजे त्याचा पृष्ठभाग सपाट आहे का, ते तपासावं लागतं.

खानापूर_रोड
काम होईपर्यंत घाट टाळा. जावंच लागलं तर चढावर एसी बंद, गिअर एक खाली, म्हणजे पंप जोरात फिरतो. काटा चढू लागला तर हीटर फुल लावा. लाल रेषेला टेकला किंवा वाफ दिसली की बाजूला घेऊन इंजिन बंद करा. बॉनेटमधून वाफ येत असेल तर ती थांबल्यावरच बॉनेट उघडा. कॅपला निदान पाऊण तास हात लावू नका. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.