मदत हवी: आबा गेले, मुलगा झोपत नाही. गंधमुक्तीला न्यायचं का?

कपाशी_चोपडा: सासरे गेले. मुलगा रात्री झोपत नाही, गादी ओली करतो. परवा दहावा आणि गंधमुक्ती (सुतक संपल्यावर गंध लावायचा विधी). न्यावं की नाही? लवकर सांगा, घर पाहुण्यांनी भरलंय.

तापीकाठ: वय? आबा कसे गेले? त्याला काय सांगितलंय?

कपाशी_चोपडा: ६. हार्ट अटॅक, रात्री. झोपेतच देवाघरी गेले म्हणून सांगितलं, अजून काय सांगणार?

तापीकाठ: मग तो झोपेल कसा? झोपलं की माणूस जातो, असं त्याला वाटतंय. शब्द बदला : "आबांचं हृदय बंद पडलं, श्वास थांबला. आता त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही. ते परत येणार नाहीत. झोपल्यामुळे कोणी मरत नाही." या वयात मरण कायमचं असतं हे पुरतं कळत नाही, तोच प्रश्न दहादा येईल. दर वेळी हेच शब्द. "माझ्यामुळे झालं का" हे तो विचारणार नाही, तुम्हीच नाही म्हणून सांगा.

भरीत_भाकरी: पोऱ्या धाकला शे, त्याले दारवर बसाडू नका. बाया गळामा पडी रडतस, घाबरी जाई.

तापीकाठ: शेजाऱ्यांच्या घरी कोंडलं तर मनानंच काहीबाही रचतो. न्या, पण फक्त त्याच्यासाठी एक मोठं माणूस ठेवा. कंटाळला की घरी. आणि दहाव्याला वडिलांचं मुंडण असेल तर आधी सांगा. अचानक बोडकं डोकं पाहून पोरं जास्त दचकतात.

सातबारा_धुळे: मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज.

भरीत_भाकरी: तलाठी नाही, आता ग्राम महसूल अधिकारी. आणि हे विचारलं कोणी?

कपाशी_चोपडा: गादीचं काय?

तापीकाठ: रागावू नका, चारचौघांत बोलू नका. झोपताना लघवीला न्या, दुसरी चादर उशाशी ठेवा. बहुतेकदा काही आठवड्यांत थांबतं. जळजळ, ताप असेल तर लघवी तपासा. महिन्यानंतरही झोप, खाणं, शाळा रुळावर नसेल तर टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, फोन फुकट.

आखाजी_घागर: पिंडाला कावळा शिवला की "आबा आले" म्हणू नका. मग तो रोज कावळ्याची वाट बघतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पितरांची घागर भरताना मात्र सांजोरी त्याच्या हातानं ठेवू द्या.

कपाशी_चोपडा: आबांची टोपी उशाखाली घेतो. नणंद म्हणते, मेलेल्याची वस्तू जाळायची असते.

तापीकाठ: राहू द्या. धुवूही नका.