बॅटा थंडावल्या की मॅनेजरचीच मान का?

डगआउट_दादा:
संघ हरू लागला की मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, काढायचं, हा बेसबॉलमधला रिवाज मला कधीच पटला नाही. जून 2022 घ्या. लॉस एंजेलिसचा एंजल्स संघ सलग 12 सामने हरला आणि 7 तारखेला मॅनेजर ज्यो मॅडनला नारळ दिला. 2016 मध्ये शिकागोच्या कब्ज संघाला वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकून देणारा माणूस! त्याच पडझडीत त्यांचा स्टार बॅटर माइक ट्राउट याला ओळीने 26 ॲट-बॅट्समध्ये (बॅटिंगच्या पाळ्यांत) एकही हिट (बेस गाठून देणारा फटका) मिळाली नव्हती. आता ट्राउटला बॅट कशी धरायची हे मॅडनने शिकवायचं? बेसबॉलचा मॅनेजर गणवेश घालून बसतो खरा, पण बॅटिंगला काही उतरू शकत नाही. बदली म्हणून फिल नेव्हिन आला. पराभवांची माळ 14 वर थांबली आणि उरलेल्या हंगामात 46 विजय, 60 पराभव. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

नीलिमा_जर्सीवाली:
दादा, सोयीचं तेवढंच उचललंत. चारच दिवस आधी, 3 जूनला, फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाने मॅनेजर ज्यो जिरार्डीला काढलं. तेव्हा 22 विजय, 29 पराभव. रॉब थॉमसन आला, पहिले आठच्या आठ जिंकला, पुढे एकूण 65 विजय, 46 पराभव आणि थेट वर्ल्ड सिरीज. खेळाडू जवळपास तेच! जिरार्डी तरुण ब्रायसन स्टॉटला संघात आत-बाहेर करायचा, थॉमसनने पोरावर भरवसा टाकला. 5 जूनला आठव्या इनिंगमध्ये हार्परचा ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार रन), नवव्यात स्टॉटचा तीन रनांचा होमरन, सामना 9-7 ने जिंकला. समोर कोण? तुमचे एंजल्सच! बॅट मॅनेजर फिरवत नाही, मान्य. पण ती कोणाच्या हातात द्यायची हे तोच ठरवतो ना?

बंटवाला:
कावळा बसायला आणि फांदी मोडायला. गळपटलेले एंजल्स समोर होते, तेव्हा कोणीही जिंकलं असतं. शिवाय जिरार्डीचं खरं दुखणं बॅटिंग नव्हतंच, बुलपेन, म्हणजे राखीव पिचर, होतं (हे माझं मत, मारायला धावू नका).

नीलिमा_जर्सीवाली:
@बंटवाला, मग लगेच मिल्वॉकीत जाऊन तिन्ही सामने जिंकले, ते कोणत्या कावळ्यामुळे?

जुना_ओरिओल:
तुम्ही मंडळी 2022 मध्येच अडकलात. 1988 चा बाल्टिमोरचा ओरिओल्स संघ आठवा. पहिलाच सामना 12-0 ने गमावला. सलग सहा हरल्यावर मॅनेजर कॅल रिपकेन सीनियरना काढलं. सहा! 162 सामन्यांच्या हंगामात! त्यांची दोन मुलं, कॅल ज्युनियर आणि बिली, त्याच संघात खेळत होती. त्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये काय वातावरण असेल बघा. जागी आले फ्रँक रॉबिन्सन, 1966 चे ट्रिपल क्राउनवाले, म्हणजे बॅटिंगच्या तीन मुख्य आकड्यांत एकाच हंगामात लीगमध्ये पहिले. बॅटिंगमधलं त्यांच्याहून जास्त कोणाला कळणार? तरी आणखी 15 हरले. एकही विजय नाही आणि 21 पराभव.

नीलिमा_जर्सीवाली:
आणि 1989 मध्ये त्याच रॉबिन्सनच्या हाताखाली 87 विजय, शिवाय मॅनेजर ऑफ द इयर. ते सोयीस्कर विसरलात, काका.

जुना_ओरिओल:
विसरलो नाही, बाई. मधल्या हिवाळ्यात बॅटर एडी मरेला डॉजर्स संघाकडे धाडलं, नवी पोरं आणली. ते काम वरच्या ऑफिसचं, डगआउटचं (मॅनेजर बसतो त्या बाकाचं) नव्हे. आणि 87 विजयांच्या त्या वर्षी तिसऱ्या बेसपाशी कोच म्हणून कोण उभं होतं? रिपकेन सीनियरच. परत बोलावलेले.

डगआउट_दादा:
हे मला माहीत नव्हतं. काका, पुढच्या वेळी आधी तुम्ही बोला.