मिस्टर फौजेत हवालदार, ७ लाखांत गाडी घ्यायची आहे. सीएसडीतून (फौजेच्या कॅन्टीनमधून) घ्यावी की शोरूममधून?

कोरेगावची_सून
नमस्कार. मिस्टर हवालदार आहेत, सध्या जम्मूकडे पोस्टिंग. पुढच्या महिन्यात ३० दिवसांची सुट्टी आहे, तेवढ्यात गाडी दारात आणायची आहे. बजेट सगळं धरून, रस्त्यावर येईपर्यंत ७ लाख. त्याच्या वर एक रुपया नाही, कर्ज अडीच लाखांचंच काढणार.
गाडी मी चालवणार. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं दुखणं आहे, महिन्यातून दोनदा साताऱ्याला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. वॉकर सोबत असतो. बाकी मुलांची शाळा आणि सणाला माहेर, कराडला.
कॅन्टीनमधून गाडी कशी मिळते, किती वाचतात आणि कोणती घ्यावी ते सांगा.

डिझेलप्रेमी
ताई, थोडं ताणा आणि नेक्सॉन डिझेल घ्या. मी २०२१ ला घेतली, आजवर एकदाही पश्चात्ताप झाला नाही. घाटात दुसऱ्या गिअरवर भरल्या गाडीने चढते. फौजी माणसाच्या दारात दणकट गाडीच शोभते.

सह्याद्री_भटका
नेक्सॉन डिझेल ७ लाखांत कुठे बसते? त्यांनी बजेट स्पष्ट लिहिलं आहे.

डिझेलप्रेमी
अजून दोन-अडीच वर्षं हप्ते वाढतील, एवढंच. गाडी दहा वर्षं वापरायची असते.

निवृत्त_सुभेदार_खटाव
सूनबाई, २६ वर्षं नोकरी केली, सीएसडीतून एक गाडी आणि दोन मोटारसायकली घेतल्या, म्हणून सांगतो. पूर्वी डेपोत खेटे घालावे लागायचे. २०२१ पासून एएफडीचं, म्हणजे सीएसडीतून गाडीसारख्या मोठ्या वस्तू मागवायचं, ऑनलाइन पोर्टल आहे, सगळं त्यावर होतं. आधी डीलरकडे जाऊन मॉडेल, व्हेरियंट, रंग ठरवा. हवा तो व्हेरियंट सीएसडीच्या यादीत आहे का ते बघा, सगळे नसतात. मग पोर्टलवर मागणी टाकायची, कागद चढवायचे. मंजुरी आली की गाडीचे पैसे सीएसडीच्या खात्यात भरायचे, डीलरच्या नाही. त्यानंतर डीलरला आदेश जातो आणि गाडी मिळते. डीलरला फक्त विमा आणि पासिंगचे पैसे.
सुट्टीवर आल्यावर सुरुवात केलीत तर सुट्टी संपेल आणि गाडी यायची नाही. मागणी त्यांना तिकडूनच टाकायला सांगा.
दुसरी गोष्ट. जवान आणि जेसीओंना (सुभेदार वगैरेंना) ही संधी नोकरीत एकदा आणि पेन्शनवर आल्यावर एकदाच. ती लहान गाडीवर घालवू नका. मोठी घ्या.

खडकीकर
सुभेदारसाहेबांचं बरोबर. आणि १ जून २०१९ पासून जवानांना ५ लाखांपर्यंत (जीएसटी सोडून) आणि १४०० सीसीपर्यंतचीच गाडी मिळते, त्यामुळे मोठी घ्या म्हटलं तरी मिळणार नाही.

निवृत्त_सुभेदार_खटाव
ती मर्यादा नंतर वाढली आहे. माझ्या पुतण्याने मागच्या वर्षी घेतली ती ५ लाखांच्या वरची होती.

खडकीकर
माझ्याकडे २०१९ चं पत्र आहे.

निवृत्त_सुभेदार_खटाव
पत्र जुनं झालं. सूनबाई, मिस्टरांच्या पोर्टलवरच्या लॉगिनमध्ये आज जी मर्यादा दिसते ती खरी. आमच्या दोघांच्या भांडणावर जाऊ नका.

आकडेमोड
किती वाचतात याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. सीएसडीत फायदा मुख्यतः एकाच गोष्टीचा: जीएसटी निम्मा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि वरचा सेसही (उपकर) गेला. लहान म्हणजे ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल-सीएनजी १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. म्हणजे:
मूळ किंमत ५ लाख धरा. पूर्वी २८ टक्क्यांचे १ लाख ४० हजार, निम्मे माफ म्हणजे ७० हजार वाचायचे. आता १८ टक्क्यांचे ९० हजार, निम्मे म्हणजे ४५ हजार.
गाडी सगळ्यांनाच स्वस्त झाली, पण फौजी आणि इतर यांच्यातला फरक कमी झाला. म्हणून आता "सीएसडी म्हणजे स्वस्तच" असं डोळे झाकून म्हणता येत नाही. डिसेंबरात शोरूमवाले वर्ष संपायच्या आत माल काढायला ३०-४० हजार सहज सोडतात. जुनी गाडी बदल्यात देणार असाल तर आणखी. दोन्हीकडून लेखी कोटेशन घ्या आणि रस्त्यावरची किंमत रस्त्यावरच्या किमतीशी ताडून बघा.

इलेक्ट्रिक_वारकरी
एवढं सगळं करण्यापेक्षा इलेक्ट्रिक घ्या. माझी दोन वर्षांत ४२ हजार किलोमीटर झाली. घरी चार्ज करतो, पेट्रोल पंपाचं तोंड बघत नाही.

आकडेमोड
इलेक्ट्रिकवर जीएसटी मुळात ५ टक्के. निम्मा झाला तरी सीएसडीचा फायदा अडीच टक्के. त्यांचा प्रश्न त्याबद्दल आहे.

सीएनजी_सांगली
सीएनजीच घ्या. माझी किलोला ३० च्या वर देते. शिवाय महाराष्ट्रात १० लाखांच्या आत पेट्रोलला वाहन कर ११ टक्के, सीएनजीला ७.

आकडेमोड
१ जुलै २०२५ पासून ८.

सीएनजी_सांगली
८ धरा. तरी ३ टक्के कमीच.

माजी_नौसैनिक
मला पासिंगबद्दल सांगायचं आहे. नोकरीत आहेत तर बीएच नंबर (भारत मालिकेचा, सगळ्या राज्यांत चालणारा) घ्या. आम्ही विशाखापट्टणमहून मुंबईला आलो तेव्हा जुन्या गाडीची एनओसी, नव्याने कर, जुन्या राज्यातून कर परत मागायचा, यात सात महिने गेले. तो परतावा मला आजही मिळालेला नाही. बीएचला हे काही नाही, आणि कर १५ वर्षांचा एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा.

खडकीकर
+१. बीएच घ्या. बदली झाली की त्रास नाही.

सह्याद्री_भटका
मीही हेच सुचवणार होतो, बीएच.

रेशनिंग_ऑफिसजवळ
मी तीन महिन्यांपूर्वी सीएसडीतून घेतली, मला आलेला अनुभव लिहितो म्हणजे तुम्हाला येऊ नये. मॅनेजरने पहिल्या दिवशी सांगितलं, "कॅन्टीनची गाडी आहे, ॲक्सेसरीज किट आणि आमच्याकडचाच विमा घ्यावा लागेल, नाहीतर नंबर मागे जाईल." मी घाबरून दोन्ही घेतलं. २४ हजार जास्त गेले. नंतर कळलं की विमा कुठूनही घेता येतो, डीलर सक्ती करू शकत नाही. बिलात "हँडलिंग" म्हणून साडेसात हजार होते, तेही विचारल्यावर काढले. विचारलं नसतं तर गेलेच असते. आणि माझी गाडी आठ महिने यार्डात उभी असलेली निघाली. पैसे भरायच्या आधी चासी नंबर आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली ते लेखी मागा. आरसीवर तोच महिना छापून येतो आणि विकताना तोच बघतात.

डिझेलप्रेमी
म्हणून म्हणतो, यादीतून काय मिळेल ते घेण्यापेक्षा मनासारखी डिझेल घ्या.

कोरेगावची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन प्रश्न आहेत. कर्ज घेतलं तर बँक पैसे सीएसडीला देते का? सीएनजीत वॉकर मागे राहील का? आणि बीएचचा दर दोन वर्षांचा कर कोण आठवणीने भरणार, हे लडाखला असले तर?

खडकीकर
बँक देते, पण मंजुरीपत्र आधी हातात घ्या आणि पैसे सीएसडीच्या खात्यात जाणार हे शाखेत आधीच सांगा. माझ्या शाखेने सवयीने डीलरच्या नावाने डीडी काढला होता, तो रद्द करून घेण्यात नऊ दिवस गेले.

सीएनजी_सांगली
टाकी डिकीत असते. पिशव्या राहतात. वॉकर मागच्या सीटवर ठेवा.

माजी_नौसैनिक
बीएचचा कर ऑनलाइन भरता येतो. मुदत चुकली तर दिवसाला १०० रुपये दंड, तेव्हा मोबाइलवर आठवण लावून ठेवायची.

*(पाच आठवड्यांनी)*

कोरेगावची_सून
गाडी आली. वॅगनआर, पेट्रोल, सीएसडीतूनच.
एका रविवारी सासूबाईंना घेऊन तीन शोरूम फिरले आणि प्रत्येक गाडीत त्यांना दोनदा बसवलं, दोनदा उतरवलं. उंच गाड्यांत पाय वर टाकताना त्यांना माझ्या खांद्याचा आधार लागत होता. खालच्या गाड्यांत बसता यायचं, पण उठताना डोळ्यांत पाणी यायचं. वॅगनआरच्या सीटवर त्या खुर्चीवर बसाव्यात तशा बसल्या आणि आपल्या आपण उठल्या. शोरूमच्या फरशीवर उभ्या राहून म्हणाल्या, "हीच घे गं." मग मी दुसरं काही बघितलं नाही.
सीएनजी नाही घेतली, कारण वॉकर डिकीत सपाट राहायला हवा होता. मागच्या सीटवर दोन मुलं असतात.
बीएच नाही घेतलं. ह्यांची चार वर्षं राहिलीत, गाडी त्यांच्याबरोबर फिरणार नाही, कोरेगावातच राहणार. एकदाच ११ टक्के भरले आणि एमएच ११ ची पाटी लावली.
सुभेदारकाका, संधी लहान गाडीवर घालवली म्हणून रागावू नका. पेन्शनवर आल्यावरची दुसरी अजून आहे. मागणी ह्यांनी तिकडून सुट्टीच्या अठरा दिवस आधी टाकली, तुमच्यामुळेच गाडी वेळेत आली.
दोन्ही कोटेशनं लेखी घेतली होती. शोरूमची सवलत धरूनही सीएसडीत २१ हजार कमी लागले. विमा बाहेरून घेतला, डीलर ३१ हजार सांगत होता, २३ हजारांत झाला. हँडलिंगचा कागद पुढे केला तेव्हा "हे कशाचे?" एवढंच विचारलं, त्यांनी खोडलं. सगळं मिळून ६ लाख १८ हजार. कर्ज अडीच लाखांऐवजी पावणेदोनच काढलं.

निवृत्त_सुभेदार_खटाव
रागावतोय कशाला. शाब्बास. पहिली सर्व्हिस चुकवू नका.

डिझेलप्रेमी
अभिनंदन ताई. मात्र भरल्या गाडीने घाट चढताना एसी बंद ठेवा.

कोरेगावची_सून
काल मांढरदेवला जाऊन आलो, पाच जण, एसी चालू. सासूबाई पुढच्या सीटवर होत्या.